सही करण्यापूर्वी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या घराघरांत इतकी मुरलेली आहे की, ती कोणास व केव्हा लागू पडते ह्याचा विचार करण्याचे कोणास कारणच पडत नाही. आम्हीही ती पुष्कळदा वापरली आहे. परंतु गेल्या संक्रांतीस सोलापुरी एका स्नेह्यांच्या घरी जे पाहिले, त्यानंतर ती तोंडी येताना आमची जीभ थोडी अडखळते.

घर दक्षिण कसब्यातले. सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस. गड्डा पाहण्याच्या निमित्ताने पुण्याहून विवाहित कन्या माहेरी आलेली. दोघे कर्ते बंधू, दोन सुना, नातवंडे आणि वर्षापूर्वी पतिनिधन झालेल्या वृद्ध मातोश्री, असे भरले घर होते. तिळगूळ वाटून झाल्यावर थोरल्या बंधूंनी कपाटातून एक टंकलिखित कागद काढून बहिणीपुढे ठेवला. "अगं, हक्कसोडपत्र आहे. उद्या निबंधकाच्या कचेरीत दहा मिनिटांचे काम. घरावर नावे लावताना घोळ नको, एवढ्यासाठीच," असे ते म्हणाले. बहीण एम. ए. झालेली, महाविद्यालयात शिकविणारी. तिने कागद न वाचताच पेनाचे टोपण काढले.

इतक्यात कोपऱ्यातून मातोश्रींनी विचारले, "ह्यात माझे काय लिहिले आहे?"

"आई, तुमचीही सही लागणारच आहे," धाकट्या सूनबाई म्हणाल्या. पण कशावर व कशासाठी, हे कोणासच सांगता येईना. त्या बैठकीत दोन पदवीधर, एक अभियंता व एक प्राध्यापिका होती, आम्हीही होतोच. कोणापाशीही उत्तर नव्हते. भावांच्या मनात कपट नव्हते, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. शेजाऱ्यांकडे असेच झाले, म्हणून आपल्याकडे तसेच करावयाचे, एवढीच त्यांची कल्पना होती.

पुढे चौकशी केली तेव्हा कळले ते असे. घर कैलासवासी वडिलांनी आपल्या वेतनातून बांधलेले होते आणि मृत्युपत्र केलेले नव्हते. अशा मिळकतीत १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा विधवा, पुत्र व कन्या ह्यांस सारखेच वारस मानतो. म्हणजे माता, दोन पुत्र व एक कन्या ह्यांचे चार समान भाग झाले. घर वडिलार्जित असते तर हिशेब अधिक गुंतागुंतीचा झाला असता. तथापि तेथेही मुलगी आता परकी नाही. महाराष्ट्राने १९९४ साली अविवाहित मुलींस एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाप्रमाणे हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून तो देशभरच्या मुलींस, विवाहित असोत वा अविवाहित, मिळाला. त्या तारखेस वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा ह्यांच्या खटल्यात दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र ह्यामुळे उकरता येत नाहीत. आमच्या आजीच्या पिढीस डॉ. गो. वि. देशमुख ह्यांच्या खटपटीने झालेला १९३७ चा कायदा ठाऊक होता. त्याने विधवेस पतीच्या मिळकतीत वाटा दिला, पण हयातीपुरताच. आज तिची मालकी पूर्ण आहे. असे असूनही घरात तिला विचारण्याची पद्धत मात्र १९३७ पूर्वीचीच राहिली आहे.

आणखी एक गोष्ट तर आम्हांस सर्वस्वी नवी होती. नावे लावण्यासाठी हक्कसोडपत्र मुळीच लागत नाही. सर्व वारसांची नावे एकत्र लागू शकतात. हक्कसोड म्हणजे आपला वाटा दुसऱ्या वारसाच्या स्वाधीन करणे. तो नोंदला गेला की "मी वाचला नव्हता" हे म्हणणे सहसा चालत नाही. फसवणूक झाली वा दडपण आले असे म्हणावयाचे, तर ते कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो आणि तो सिद्ध करण्याचे ओझे सही करणाऱ्यावरच पडते. म्हणजे, सहीपूर्वी एक पायरी चढावयास ज्यांस लाज वाटते, त्यांसच पुढे कोर्टाच्या पुष्कळ पायऱ्या चढाव्या लागतात!

ही चौकशी कोठे केली, तेच सांगण्यासाठी हा लेख. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी आहे. प्रधान जिल्हा न्यायाधीश तिचे अध्यक्ष आणि एक न्यायिक अधिकारी सचिव असतात. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या नवव्या कलमाने ही व्यवस्था सिद्ध झाली. आम्ही हे सुचविताच बहीण संकोचली. "ती गरिबांची मदत. मला पगार आहे, मी कशी घेऊ?" हा संकोच सुशिक्षित घरांत सर्वत्र आढळतो आणि तो चुकीच्या समजुतीवर उभा आहे. स्त्रियांस व बालकांस ही सेवा उत्पन्नाची कोणतीही अट न घालता मिळते. अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतील बंदी ह्यांसही तशीच. इतर पुरुषांस मात्र उत्पन्नाची मर्यादा आहे. ती शासन ठरवून देते. शिवाय विधी सेवा म्हणजे केवळ फुकट वकील नव्हे. कोणत्याही कायदेशीर बाबतीत सल्ला देणे हेही कायद्याने तीत अंतर्भूत केले आहे. भांडण नसतानाही तेथे जाता येते, किंबहुना भांडण नसतानाच जावे.

ह्या बाबतीत सोलापुरातील विडी वळणाऱ्या स्त्रियांपासून आपल्या घरांनी धडा घेण्यासारखा आहे. त्यांतील कित्येकींस अक्षरओळख नाही. पण कागद कोणाकडून वाचून घ्यावा, कोणत्या कचेरीपुढे जाऊन बसावे, हे त्या संघटनेत शिकल्या. कुंभारी येथे कॉम्रेड गोदूताई परुळेकर ह्यांच्या नावे दहा हजार घरांची जी वसाहत २००६ साली उभी राहिली, ती ह्याच स्त्रियांच्या चिकाटीची आहे. तिकडे न वाचता येणाऱ्या बायका घर मिळवीत होत्या, आणि इकडे आमची एम. ए. बहीण न वाचता घर सोडावयास निघाली होती.

दुसऱ्या दिवशी मायलेकी व थोरल्या सूनबाई मिळून न्यायालयात गेल्या. साध्या कागदावर अर्ज केला. नेमून दिलेल्या वकीलबाईंनी मसुदा ओळीओळीने वाचून दाखविला. त्यात मातोश्रीही आपला भाग विनामोबदला सोडीत होत्या. त्या घरात शेवटपर्यंत राहतील असा एक शब्दही त्यात नव्हता.

वाद झालाच तर लोकअदालतीचा मार्गही तेथेच समजतो. खटला चालू असून तडजोड झाली, तर भरलेला कोर्ट फी परत मिळतो. परंतु ह्या निवाड्यावर अपील नाही. तेव्हा तेथील कागदही वाचूनच सही करावी. तालुक्याच्या ठिकाणी, म्हणजे पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट इत्यादी गावी, न्यायालयातच तालुका विधी सेवा समित्या असतात. घरबसल्या विचारावयाचे तर १५१०० हा दूरध्वनी आहे. संकटातील स्त्रीसाठी १८१, आणि दुकानदाराने फसविले तर ग्राहकांसाठी १९१५. वृद्ध आईबापांस मुले पोसत नसतील तर २००७ च्या कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलेच, तर सोलापूरकरांस आता मुंबई गाठावी लागत नाही; १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच कोल्हापुरास भरते. तेथवर कोणावर जाण्याची वेळ न येवो.

आमच्या स्नेह्यांच्या घरी दोन-चार दिवस अबोला राहिला, हे लपविण्यात अर्थ नाही. धाकटे बंधू तर जेवणाच्या पंगतीतून उठून गेले. मग वकीलबाईंनी काढून दिलेला चार वाट्यांचा हिशेब त्यांनी स्वतः वाचला, आणि वहिनींच्या हातचा चहा घेऊन पुन्हा ओटीवर येऊन बसले. चैत्रात नवा कागद झाला. बहिणीने आपला चतुर्थांश सोडला खरा. पण भावांच्या नावे नव्हे, आईच्या नावे. आईंनी काहीच सोडले नाही. निम्मे घर त्यांचे झाले. चूल अद्याप एकच आहे. घरपट्टीची पावती आता आईंच्याही नावे येते, आणि ती आली की त्या चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात.