गरीब, पण ‘चांगला’: डिकन्सपासून अण्णा भाऊंपर्यंत

मागच्या व्याख्यानानंतर एक निवृत्त कामगार आम्हाला जिन्यात भेटले. म्हणाले, “सर, गरिबाची गोष्ट वाचून वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. पण गरिबाच्या पदरात काय पडतं?” आम्ही तेव्हा काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आजचं व्याख्यान हे त्यांना दिलेलं उशिराचं उत्तर आहे.

सुरुवात इंग्लंडपासून करू. तो काळ फार परका वाटायचं कारण नाही. व्हिक्टोरिया राणी 1837 मध्ये गादीवर आली, तेव्हा आपल्या याच दापोडीत मुंबईच्या गव्हर्नरांचा बंगला होता. गणेशखिंडीतला वाडा नंतरचा. म्हणजे त्या राज्याची एक खिडकी आपल्या नदीकाठावर उघडत होती.

तिकडे काय चाललं होतं? गिरण्या वाढत होत्या, खेड्यातली माणसं शहरात येत होती. 1834 च्या कायद्याने असं ठरवलं होतं की धडधाकट गरिबाला मदत हवी असेल तर त्याने ‘वर्कहाउस’मध्ये यावं. तिथे नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलं तिसरीकडे. जिणं मुद्दाम इतकं कठोर ठेवायचं की माणसाने मदत मागूच नये. गरिबी हा गरिबाचाच दोष आहे, हा त्यामागचा विचार.

1843 मध्ये खाणी-कारखान्यांत राबणाऱ्या मुलांविषयीचा सरकारी अहवाल चार्ल्स डिकन्सने वाचला. तो स्वतः बाराव्या वर्षी बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात राबलेला, बाप कर्जापायी तुरुंगात. त्याने आधी गरीब मुलांच्या बाजूने एक पत्रक काढायचं ठरवलं. मग विचार बदलला आणि त्याच वर्षी डिसेंबरात ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही गोष्ट छापली. पत्रकापेक्षा गोष्टीचा घाव खोल बसेल, हा त्याचा हिशेब होता.

आता ही गोष्ट काम कशी करते ते पाहू. बॉब क्रॅचिट हा आठवड्याला पंधरा शिलिंग मिळवणारा कारकून. घरात सहा मुलं, त्यातलं धाकटं टिम कुबडीवर चालणारं. डिकन्स आपल्याला कचेरीतून थेट त्यांच्या सणाच्या जेवणावर नेतो. कुटुंब मोठं, गोडाचा पदार्थ लहान. पण घरातलं कुणी तसं बोलत नाही, कुणाच्या मनातही ते येत नाही. डिकन्स ‘हे गरीब आहेत हो’ असं सांगत नाही, तो फक्त ताट दाखवतो. आपल्यातल्या ज्यांनी सणाला आईला स्वतःच्या ताटात सगळ्यात शेवटी वाढून घेताना पाहिलंय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

‘हार्ड टाइम्स’ या 1854 च्या कादंबरीत हाच मुद्दा शाळेच्या वर्गात येतो. मास्तर विचारतात, दहा लाखांच्या शहरात वर्षाला फक्त पंचवीस माणसं उपासमारीने मेली, तर यावर तुझं म्हणणं काय? सिसी नावाच्या मुलीला वाटतं, बाकीचे दहा लाख असोत की दहा लाखांच्या दहा लाख पट, जे मेले त्यांच्या वाट्याला ते तेवढंच कठीण. उत्तर चूक ठरतं. मार्था नुसबाम या तत्त्वज्ञ बाईंनी ‘पोएटिक जस्टिस’ या पुस्तकात याच कादंबरीच्या आधारे म्हटलंय की न्याय करणाऱ्याला आकडे लागतात तशी कल्पनाशक्तीही लागते. आम्हाला हे पटतं.

पण इथे एक अडचण आहे, आणि आजचा विषय खरं तर तीच आहे.

अ‍ॅरिस्टॉटलने करुणेची व्याख्या करताना एक अट घातली: ज्याच्या वाट्याला न शोभणारं, त्याची चूक नसताना दुःख आलंय, त्याच्याबद्दल करुणा वाटते. आता समोरचा वाचक जर ‘गरिबी ही गरिबाचीच चूक’ असं मानत असेल, तर लेखकाने काय करायचं? गरिबाला निर्दोष करायचं! म्हणून बॉब क्रॅचिट दारुडा नाही, मालकाला शिव्या देत नाही. उलट सणाच्या दिवशी त्या कंजूस मालकाच्या नावाने पेला उचलतो. आणखी एक गंमत पाहा. त्या पुस्तकाची किंमत होती पाच शिलिंग, म्हणजे बॉबच्या दोन दिवसांच्या पगाराएवढी. ते बॉबसाठी छापलेलंच नव्हतं. ते बॉबच्या मालकासाठी होतं, आणि मालकाला पटेल असा गरीब त्यात रंगवलेला होता.

हे त्या काळातही कुणाला खटकलं नव्हतं असं नाही. मँचेस्टरच्या एका धर्मोपदेशकाची पत्नी, एलिझाबेथ गास्केल, हिने 1848 मध्ये ‘मेरी बार्टन’ लिहिली. त्यातल्या जॉन बार्टनचं काम सुटलेलं असताना त्याचा आजारी मुलगा पोषणावाचून जातो. पुढे हाच जॉन बार्टन गिरणीमालकाच्या मुलाचा खून करतो. तरीही लेखिका आपल्याला त्याच्यापासून तोंड फिरवू देत नाही. कादंबरीला त्याचंच नाव द्यायचं तिच्या मनात होतं. प्रकाशकाने ते मुलीच्या नावावर नेलं. खुनी मजुरापेक्षा त्याची मुलगी दुकानात बरी दिसते ना!

आता आपल्याकडे येऊ. पुण्यात हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं. डिकन्सप्रमाणेच तेही साप्ताहिकातून क्रमशः लिहीत. त्यांची ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही कथा दुष्काळात सापडलेल्या गरीब कुटुंबाची. सुशिक्षित मराठी वाचकाला उपाशी घराच्या उंबऱ्याच्या आत नेणारी ही पहिल्या काही कथांपैकी एक. पण लिहिणारा आणि वाचणारा दोघंही त्या घराबाहेरचे होते.

घराच्या आतला लेखक पुढच्या शतकात आला. अण्णा भाऊ साठे, जन्म 1920, गाव वाटेगाव. शाळा जेमतेम दीड दिवसाची, मुंबईत मजुरी, मुक्काम घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत. त्यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. भीमा हा खाणकामगार. खाण बंद पडते. घरी बायको आहे, जीव की प्राण अशी लेक आहे. तो काय करतो? रात्री स्मशानात जाऊन मढी उकरतो आणि त्यांच्या अंगावरचं, तोंडातलं सोनं काढतो. शेवटी प्रेताच्या जबड्यात अडकून तो स्वतःची बोटं गमावतो. आणि नंतर कळतं, खाण पुन्हा सुरू झाली. आता कामही आहे, पण पहार धरायला बोटं नाहीत.

भीमा निर्दोष आहे का? मुळीच नाही. त्याचं काम किळसवाणं आहे. अण्णा भाऊ ती किळस लपवत नाहीत आणि भीमाच्या वतीने माफीही मागत नाहीत. तरी वाचताना आपण त्याच्या बाजूला उभे असतो. बॉबला मिळते ती दया. भीमाला मिळते ती करुणा. मराठीत हे दोन शब्द आपण सरमिसळ वापरतो, पण फरक आहे. दया वरून खाली येते आणि येताना वागणुकीचा दाखला मागते. बुद्धाच्या विचारात मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा अशा चार भावना सांगितल्या आहेत. त्यातली करुणा दुःख पाहते, दाखला पाहत नाही.

हे सगळं आम्हाला पुस्तकातून कळलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही नीतिशास्त्र शिकवत होतो. कारखान्यातून कमी केलेला, ओळखीचा एक माणूस संध्याकाळी दारात आला. मुलीच्या फीसाठी पैसे हवे होते. तोंडाला दारूचा वास. आम्ही म्हणालो, “आधी ही सोड, मग ये.” तो काही न बोलता गेला, परत आला नाही. पुढे आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींकडून कळलं की त्या वर्षी मुलीची शाळा सुटली. पीत होता बाप, शिक्षा झाली मुलीला, आणि ती देणारे आम्ही. त्याच आठवड्यात वर्गात अ‍ॅरिस्टॉटलची व्याख्या समजावून सांगितली होती. पोरांनी छान टिपून घेतली होती.

आजही भोसरी-चाकणच्या कंत्राटी कामगाराबद्दल बोलताना आपण काय विचारतो? पितो का? मोबाइल केवढ्याचा आहे? गावी जमीन आहे म्हणे? हे सगळे दाखल्याचे प्रश्न आहेत. त्याची बोटं शाबूत आहेत का, प्रेसवर काम करताना गेली तर घर कसं चालेल, हा प्रश्न आपल्याला उशिरा सुचतो, सुचला तर.

तेव्हा त्या गृहस्थांना आमचं उत्तर असं: गोष्टीने गरिबाच्या पदरात काही पडत नाही, हे खरं. कायदा, पगार, संघटना यांची जागा ती घेऊ शकत नाही. पण दारात उभ्या माणसाला आपण पहिला प्रश्न कोणता विचारायचा, तो बदलण्याची ताकद तिच्यात आहे. आमच्या बाबतीत तो बदलायला एका मुलीचं वर्ष गेलं. तुम्ही भीमाची गोष्ट आधीच वाचून ठेवा.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. जिन्यात विचारलेत तरी चालेल.