राजा उठला की राजधानी उठायची

१७४२ मध्ये बंडखोरांनी जावातल्या मातारम राज्याची राजधानी कार्तासुरा लुटली. राजा दुसरा पाकुबुवोनो पुन्हा गादीवर बसला खरा, पण त्या वाड्यात राहायला तो तयार नव्हता. शत्रूचा पाय लागलेल्या वाड्यातलं राजतेज गेलं, अशी जावामध्ये श्रद्धा. १७ फेब्रुवारी १७४५ रोजी सारा दरबार मिरवणुकीने साला गावी निघाला. राजचौकात लावायची वडाची रोपंही सोबत होती. साला म्हणजेच आजचं सुराकार्ता. त्याआधीच्या दीडशे वर्षांत कोटागेडे, कार्ता, प्लेरेड, कार्तासुरा अशी राजधानी फिरतच राहिली होती.

याला केवळ श्रद्धा कारणीभूत नव्हती. तेव्हा जावात जमीन मुबलक होती, कसणारे हात थोडे होते. त्यामुळे राजाची ताकद शेतकरी कुटुंबांच्या संख्येत मोजली जाई. सरदारांना पगाराऐवजी ठरावीक कुटुंबांचं उत्पन्न तोडून दिलं जाई, आणि त्यांनी मात्र राजाच्या नजरेसमोर राजधानीतच राहायचं. मला हा डाव फार महत्त्वाचा वाटतो. सरदारांचे वाडे, त्यांचे नोकर, कारागीर यांनीच शहर भरत गेलं; राजा उठला की ही सगळी वस्तीही उठायची.

१७५५ च्या गियांती तहाने मातारमची दोन शकलं झाली. मांगकुबुमी हा राजपुत्र पहिला हामेंगकुबुवोनो म्हणून सुलतान झाला आणि त्याने योग्याकार्ता वसवलं. उत्तरेला मेरापी ज्वालामुखी, दक्षिणेला समुद्र. त्यांच्यामधल्या सरळ आखणीवर तुगू स्तंभ, मालिओबोरो रस्ता, राजवाडा आणि क्राप्याकची शिकारगढी. वाड्यापुढच्या आलून-आलून या विस्तीर्ण मैदानात कुंपण घातलेले दोन वड. ज्याच्यावर अन्याय झाला असेल, त्याने पांढऱ्या कपड्यांत तिथे उन्हात बसून राहायचं, सुलतानाचं बोलावणं येईपर्यंत. एवढी मोठी मोकळी जागा सत्तेने अशा कामासाठी राखावी, हे मला त्या नगररचनेतलं सर्वांत बोलकं अंग वाटतं. सैनिकांच्या तुकड्यांना वाड्याभोवती जागा मिळाल्या. विरोब्राजान, पातांगपुलुहान ही मोहल्ल्यांची नावं त्या तुकड्यांवरूनच पडली.

डचांनीही ही आखणी नेमकी ओळखली होती. १७६० पासून त्यांनी आपला किल्ला वाड्यासमोरच, त्याच रस्त्याच्या कडेला उभारला. १८१२ मध्ये इंग्रजांनी वाडा लुटला, तेव्हा त्यांच्या फौजेत बंगालचे शिपाई होते. यावेळी मात्र राजधानी हलली नाही. जागा बदलण्याचं स्वातंत्र्य आता राजाकडे उरलं नव्हतं.

जमीन मात्र बरीचशी राहिली. इंडोनेशियाच्या २०१२ च्या कायद्याने सुलतानच योग्याकार्ता प्रांताचा राज्यपाल असतो आणि सल्तनतीची जमिनीवरची मालकीही मान्य झाली आहे. या जमिनीवर अनेक कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या निव्वळ परवानगीने राहतात. २०२३ मध्ये तुगू ते क्राप्याक ही सरळ आखणी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. त्याच्या आदल्याच वर्षी मालिओबोरोच्या पदपथांवरचे फेरीवाले हलवून नव्या बाजार-इमारतींत बसवले गेले होते. वारशाचा नकाशा आखताना या रस्त्यावर पोट भरणाऱ्यांचा हक्क आधी विचारात घ्यायला हवा होता, असं मला ठामपणे वाटतं.