ग्लॅम रॉक कालखंडातील संगीत-नियतकालिकांचा संग्रह : स्वरूप, परीक्षा आणि जतन

प्रस्तावना

क्षणिक उपयोगासाठी छापलेल्या कागदाला इतिहासाच्या साधनांत स्थान मिळण्यास नेहमीच विलंब लागतो. ग्रंथ जपले जातात, शासकीय दप्तरे जपली जातात. परंतु आठवडाभर वाचून रद्दीत जाणारे साप्ताहिक, कार्यक्रमाच्या दारात विकली जाणारी पुस्तिका किंवा चाहत्यांच्या मंडळाचे पत्रक यांची दखल बहुधा कोणी घेत नाही. त्यांचे मोल ध्यानात येते तेव्हा बव्हंशी प्रती नष्ट झालेल्या असतात. १९७१ ते १९७५ या काळात ब्रिटनमध्ये भरास आलेल्या ग्लॅम रॉक या संगीतप्रवाहाशी निगडित नियतकालिके व अनुषंगिक छापील वस्तू हे याचे बोलके उदाहरण होय. या वस्तूंचे स्वरूप काय, त्यांचा अस्सलपणा कसा पारखावा, त्या कशा जपाव्यात आणि बाजारातील किंमत व ऐतिहासिक मोल यांत अंतर का पडते, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ग्लॅम रॉक आणि छापील पान

ग्लॅम रॉकमध्ये संगीताइतकेच महत्त्व दिसण्याला होते. १९७१ च्या मार्चमध्ये टी. रेक्स या समूहाचा गायक मार्क बोलन बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमात डोळ्यांखाली चमकी लावून अवतरला. त्याचे ‘हॉट लव्ह’ हे गीत सहा आठवडे विक्रीच्या यादीत अग्रस्थानी राहिले. पुढे डेव्हिड बोवी, रॉक्सी म्युझिक, स्लेड, स्वीट, मॉट द हूपल आदींनी झगमगते पोशाख, उंच टाचांचे बूट आणि स्त्रीपुरुष वेशभूषेतील सीमारेषा पुसणारी रंगभूषा रंगमंचावर आणली. ही दृश्यता चाहत्यांच्या घरी पोहोचविण्याचे काम छापील पानाने केले. घरोघरी दृश्यमुद्रण करण्याची सोय त्या काळी सर्वसामान्यांना नव्हती. दूरचित्रवाणीवरील तीन मिनिटे संपली की उरत असे ते नियतकालिकातील छायाचित्रच.

या साधनांचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढते. त्या वर्षांतील ‘टॉप ऑफ द पॉप्स’च्या अनेक भागांच्या ध्वनिचित्रफिती बीबीसीने पुसून पुन्हा वापरल्या. बोवीने ४ जानेवारी १९७३ रोजी प्रक्षेपित झालेल्या भागात सादर केलेले ‘द जीन जिनी’ असेच हरवले आहे, असे मानले जात होते. त्या भागाच्या चित्रीकरणात असलेल्या एका कॅमेरामनने स्वतःपाशी ठेवलेली प्रत २०११ मध्ये उजेडात आली. संस्थेने गमावलेली वस्तू व्यक्तीच्या कपाटात टिकून राहिली, ही घटना खासगी संग्रहाचे प्रयोजन पुरेसे स्पष्ट करते.

नियतकालिकांचे स्वरूप

तत्कालीन ब्रिटिश संगीत-साप्ताहिकांत ‘मेलडी मेकर’ (स्थापना १९२६) सर्वांत जुने. ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ १९५२ मध्ये निघाले व त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याने ब्रिटनमधील पहिली विक्रीक्रमाची यादी छापली. ‘रेकॉर्ड मिरर’ १९५४ मध्ये, ‘डिस्क’ १९५८ मध्ये आणि ‘साउंड्स’ १९७० मध्ये सुरू झाले. या पत्रांची प्रकृती एकसारखी नव्हती. ‘मेलडी मेकर’ व्यावसायिक वादकांचे पत्र म्हणून वाढले होते. ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ने १९७२ मध्ये निक केंट, चार्ल्स शार मरे अशा भूमिगत पत्रकारितेतून आलेल्या तरुणांना लिहिते केले आणि आपली भाषा पालटली. यांखेरीज डंडी येथील डी. सी. थॉमसन या प्रकाशनसंस्थेचे ‘जॅकी’ (१९६४–१९९३) हे किशोरवयीन मुलींचे साप्ताहिक रंगीत भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध होते. एकच मोठे चित्र तुकड्यातुकड्यांनी सलग अंकांतून देण्याची त्याची पद्धत वाचकांना पुढच्या अंकाची वाट पाहावयास लावी.

नियतकालिकांच्या जोडीला दौऱ्यांच्या कार्यक्रम-पुस्तिका, तिकिटांचे तुकडे, चाहता-मंडळांची पत्रके, ध्वनिमुद्रण कंपन्यांनी वार्ताहरांना धाडलेली माहितीपत्रके व छायाचित्रे, तसेच अंकासोबत फुकट दिलेल्या लवचिक प्लास्टिकच्या पातळ तबकड्या यांचाही या संग्रहात समावेश होतो. १९७३ मध्ये ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ने अ‍ॅलिस कूपरची अशी तबकडी वाटली होती. आज तबकडीसह असलेला अंक आणि तबकडीविना असलेला अंक यांच्या किमतीत मोठी तफावत आढळते.

कात्रण की संपूर्ण अंक?

संग्राहकापुढील सर्वांत मूलभूत प्रश्न हा आहे. चाहत्याच्या दृष्टीने आवडत्या कलावंताचे चित्र कापून वहीत चिकटविणे स्वाभाविक होते. परंतु कात्रीने एक बाजू वाचते तेव्हा दुसरी बाजू जाते, आणि संदर्भ तर दोन्ही बाजूंचा जातो.

दोन उदाहरणे पाहू. ‘मेलडी मेकर’च्या २२ जानेवारी १९७२ च्या अंकात मायकेल वॉट्स यांनी घेतलेली बोवीची मुलाखत प्रसिद्ध झाली. तीत बोवीने आपण समलिंगी असल्याचे सांगितले. इंग्लंड व वेल्समध्ये प्रौढ पुरुषांमधील खासगी समलिंगी संबंध अंशतः गुन्हेमुक्त होऊन (१९६७) तेव्हा जेमतेम साडेचार वर्षे झाली होती. या मुलाखतीचे कात्रण बोवीविषयी सांगते. मात्र तो संपूर्ण अंक आणि पुढील आठवड्यांतील वाचकांचा पत्रव्यवहार समाजाविषयी सांगतो. विधानाला किती जागा मिळाली, ते कोणत्या बातम्यांच्या शेजारी छापले गेले, वाचकांनी त्याची दखल घेतली की नाही, हे सारे कात्रणात राहत नाही.

दुसरे उदाहरण शेवटच्या पानांवरील छोट्या जाहिरातींचे. कापणाऱ्याने ही पाने नेहमीच टाकून दिली. पण रॉक्सी म्युझिकची जडणघडण बऱ्याच अंशी ‘मेलडी मेकर’मधील अशा जाहिरातींतूनच झाली, पॉल थॉमसन हा तालवादक आणि फिल मांझनेरा हा गिटारवादक जाहिरातीच्या वाटेनेच त्या समूहापर्यंत पोहोचले. याच समूहाविषयी रिचर्ड विल्यम्स यांनी १९७१ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे पहिली ध्वनिमुद्रिका निघण्याच्या दहा महिने आधी, त्याच पत्रात लिहिले होते. मुखपृष्ठावर न झळकलेले हे छोटे टिपण समूहाच्या इतिहासात मुखपृष्ठापेक्षा मोलाचे ठरते. म्हणून तत्त्वतः संपूर्ण अंक हेच संग्रहाचे एकक मानावे.

तथापि, याचा अर्थ कात्रणवह्या टाकाऊ आहेत असा नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने १९७३ साली तयार केलेली वही हा स्वतंत्र दस्तऐवज आहे. तिने काय निवडले, कशाशेजारी काय चिकटविले, समासात काय लिहिले, यांतून वाचकाचा इतिहास हाती येतो. अशी वही सोडवून सुटी कात्रणे विकण्याची व्यापारी प्रथा म्हणूनच आक्षेपार्ह होय.

कालनिश्चिती व अस्सलपणाची परीक्षा

तारीख नसलेल्या वस्तूचा काळ ठरविण्यास छापील किंमत उपयोगी पडते. ब्रिटनने १५ फेब्रुवारी १९७१ रोजी दशमान चलन स्वीकारले. तत्पूर्वीच्या छपाईत शिलिंग व जुने पेन्स, संक्रमणाच्या काळात दोन्ही किमती आणि त्यानंतर केवळ नवे पेन्स आढळतात. निव्वळ नव्या पेन्समध्ये किंमत असलेली पुस्तिका १९६९ ची म्हणून कोणी देऊ केल्यास ती संशयास्पद समजावी. मुद्रकाचे नाव, दूरध्वनी क्रमांकांची रचना, दौऱ्यातील सभागृहांची नावे हेही साहाय्यभूत पुरावे होत.

नकली प्रती मुख्यतः भित्तिपत्रके, तिकिटे व कार्यक्रम-पुस्तिका यांच्या आढळतात. जुन्या साप्ताहिकाचा सबंध अंक नव्याने छापणे सहसा परवडत नाही. भिंगाखाली पाहिल्यास मूळ छपाईतील अक्षरे सलग शाईची व कडा स्पष्ट दिसतात. मूळ प्रतीवरून छायांकन करून केलेल्या नकलेत अक्षरांच्या कडाही ठिपक्यांत फुटलेल्या असतात, कारण नक्कल करणाऱ्याने अक्षराचेही चित्रच घेतलेले असते. मूळ प्रतीची घडी किंवा डाग नकलेत नुसता छापलेला दिसतो, हातास जाणवत नाही. अतिनील प्रकाशात वृत्तपत्री कागद सामान्यतः मंद दिसतो. तो निळसर-पांढरा चमकू लागल्यास शुभ्रता वाढविणारी रसायने असलेला कागद वापरल्याची शंका घ्यावी. मात्र यांपैकी कोणतीही एक कसोटी निर्णायक नव्हे. वस्तू कोणाकडून कोणाकडे आली याची नोंद हाच सर्वांत भक्कम आधार असतो.

जतनाचे शास्त्र

ही साप्ताहिके स्वस्त वृत्तपत्री कागदावर छापली जात. या कागदात लाकडातील लिग्निन हा घटक शिल्लक राहतो. प्रकाश व हवा यांच्या संपर्काने त्याचे ऑक्सिडीकरण होते, कागद पिवळा पडतो. आम्लामुळे सेल्युलोजच्या साखळ्या तुटतात व पान ठिसूळ होते. ही क्रिया थांबविता येत नाही, मंद करता येते. त्यासाठी अंक अंधारात, शक्यतो आडवे, आम्लविरहित पेटीत ठेवावेत. सापेक्ष आर्द्रता ३५ ते ६० टक्क्यांच्या दरम्यान स्थिर राखावी. संरक्षक आवरण पॉलिस्टरचे असावे. पीव्हीसीचे नसावे, कारण त्यातून बाहेर पडणारी द्रव्ये शाई व कागद यांना बाधतात. चिकटपट्टीने फाटके पान जोडणे आणि पान लॅमिनेट करणे हे दोन्ही उपाय टाळावेत. पहिल्याने कालांतराने तपकिरी डाग पडतो, तर दुसरा परत फिरविता येत नाही.

किंमत आणि मोल

बाजार प्रसिद्ध चेहऱ्याला किंमत देतो. लंडनमध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये सदबीज या संस्थेने फ्रेडी मर्क्युरीच्या वस्तूंचा लिलाव केला, तेव्हा एकूण विक्री सुमारे ४ कोटी पौंडांपर्यंत गेली. झांझिबारमध्ये जन्मलेला फारुख बलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला होता आणि क्वीन हा त्याचा समूह १९७३-७४ मध्ये ग्लॅम रॉकच्या लाटेवरच पुढे आला, हे येथे नमूद करावयास हवे. त्याच्या हस्ताक्षराला लाखो पौंड मिळतात. परंतु १९७४ च्या एखाद्या सामान्य अंकातील क्वीनचे प्रतिकूल परीक्षण कोणी मुद्दाम जपत नाही. वास्तविक समकालीन अभिरुचीचा पुरावा त्या परीक्षणातच असतो.

याची दुसरी बाजू अधिक अवघड आहे. या काळातील लोकप्रिय गायक गॅरी ग्लिटर यास बालकांच्या लैंगिक शोषणाच्या गुन्ह्यांत शिक्षा झाल्या. २०१५ मध्ये त्यास १६ वर्षांचा कारावास सुनावण्यात आला. त्याची चित्रे असलेली पाने फाडून अंक विकावेत काय? त्याच्या वस्तूंतून नफा मिळविणे अनुचित वाटणे योग्यच आहे. परंतु पाने नष्ट केल्यास, किशोरवयीन वाचकांसमोर अशा व्यक्तीस निर्धोक नायक म्हणून कोणी व कसे उभे केले याचा पुरावाही नष्ट होतो. संग्रह म्हणजे गौरव नव्हे, हा विवेक येथे आवश्यक ठरतो.

समारोप

‘साउंड्स’ व ‘रेकॉर्ड मिरर’ १९९१ मध्ये बंद पडली, ‘मेलडी मेकर’ २००० च्या अखेरीस ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’मध्ये विलीन झाले आणि त्या पत्राचीही साप्ताहिक छापील आवृत्ती २०१८ मध्ये थांबली. दुसरीकडे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने बोवीचा ८०,००० हून अधिक वस्तूंचा संग्रह स्वीकारला व तो २०२५ मध्ये अभ्यासकांसाठी खुला केला. मोठ्या कलावंताचा वारसा अशा रीतीने सुरक्षित होतो. वाचकांचा वारसा मात्र अद्याप विखुरलेलाच आहे, आणि तो जपण्याचे दायित्व बहुतांशी खासगी संग्राहकांवरच आहे.

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, संपूर्ण अंक राखणे, कात्रणवही न मोडणे, वस्तूच्या प्रवासाची नोंद ठेवणे आणि अप्रिय पाने न वगळणे ही संग्राहकाची चार कर्तव्ये होत. वस्तू मालकीची असली तरी तिच्यातील मजकूर व छायाचित्रे यांचे स्वामित्वहक्क लेखक, छायाचित्रकार वा प्रकाशक यांचेच राहतात, याचे भान अंकीय प्रती करताना ठेवावे लागते. चित्रपटगीतांच्या पुस्तिका आपल्याकडेही अशाच रद्दीत गेल्या आणि ज्या वाचल्या त्या पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात व काही हौशी संग्राहकांच्या घरी वाचल्या. तेव्हा महाविद्यालयीन ग्रंथालयाने जुन्या नियतकालिकांची फाइल निर्लेखित करण्यापूर्वी तिच्या शेवटच्या पानांवरील छोट्या जाहिरातीही एकदा वाचून पाहाव्यात.