‘मोन’ : गाऱ्हाणे, कण्हणे आणि कुरकुर

इंग्रजीच्या तासाला एका विद्यार्थ्याने केलेले भाषांतर आमच्या स्मरणात राहिले आहे. मूळ वाक्याचा आशय असा होता की, एक गृहस्थ जेवणाबद्दल सदैव कुरकुर करीत असतो. विद्यार्थ्याने लिहिले, ‘तो जेवणासाठी सदैव कण्हत असतो.’ वर्गात हशा पिकला. वास्तविक त्या मुलाने आपले काम प्रामाणिकपणे केले होते. त्याने शब्दकोश उघडला होता आणि तेथे ‘मोन’ या शब्दापुढे पहिला अर्थ ‘कण्हणे’ असाच छापलेला होता. एकाच शब्दात वेदनेचा स्वर आणि फुकाची कुरकुर हे दोन अर्थ एकत्र कसे नांदू लागले, हा प्रश्न मात्र त्या चुकीमुळे आमच्यापुढे उभा राहिला. त्याचेच उत्तर येथे थोडक्यात मांडीत आहोत.

प्रथम उच्चार. हा शब्द ‘फोन’ आणि ‘लोन’ यांच्याशी यमक जुळवतो. गवत कापण्याच्या क्रियापदाचे एक रूप अगदी असेच उच्चारले जाते, पण त्याचे वर्णलेखन वेगळे आहे. म्हणून श्रुतलेखनात विद्यार्थ्यांनी सावध असावे. आपल्या ‘मौन’ या शब्दाशी त्याचे ध्वनिसाम्य आहे, परंतु दोहोंचे नाते काहीच नाही. मौनात माणूस बोलत नाही; ‘मोन’मध्ये त्याला बोलता येत नाही, तरी स्वर मात्र बाहेर पडतो.

तो स्वर कसा असतो? खालच्या पट्टीतला, लांबत जाणारा आणि शब्दहीन. तापाने फणफणलेला रोगी अर्धवट ग्लानीत जो आवाज काढतो, तो ‘मोन’. ओझे उचलताना किंवा कळ येताच घशातून निघणारा आखूड, जड आवाज म्हणजे ‘ग्रोन’. आपले ‘कुंथणे’ त्याच्या जवळ जाते. उंच स्वरातला आकांत म्हणजे ‘वेल’. त्यासाठी मराठीत टाहो आणि हंबरडा हे समर्थ शब्द आहेत. लहान मुलाची नाकातली किरकिर म्हणजे ‘व्हाइन’. वाऱ्याचे घोंघावणे, समुद्राची रात्रीची गाज आणि पारव्यांचे घुमणे यांनाही इंग्रजी कवी ‘मोन’ म्हणतात. या सर्वांत समान आहे ती लांबलेली, खोल आणि उदास धून.

आता या शब्दाचा इतिहास पाहू. तेराव्या शतकातील इंग्रजीत ‘मोन’चा अर्थ नुसता आवाज असा नव्हता. शोक व्यक्त करणे, आपले दुःख शब्दांत सांगणे, तक्रार मांडणे, एवढेच नव्हे तर आरोप करणे, असे त्याचे अर्थ होते. आपल्याकडे ज्याला ‘गाऱ्हाणे’ म्हणतात, त्याच्या अगदी जवळचा तो शब्द होता. दीर्घ वेदनेतून निघणारा शब्दहीन स्वर, हा अर्थ सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिखित स्वरूपात आढळू लागतो. पुढे बोलीभाषेत त्याला कुरकुरीचा, रडगाण्याचा अर्थ चिकटला. म्हणजे ज्या शब्दाने माणूस आपली व्यथा सांगत असे, तो आधी नुसता आवाज झाला आणि मग चेष्टेचा विषय झाला.

विद्यार्थ्यांच्या उपयोगाची एक गोष्ट येथे नमूद करावीशी वाटते. एखाद्याने ‘कम्प्लेन’ केले, असे म्हटल्याने केवळ घटना कळते. त्याने ‘मोन’ केले, असे म्हटल्याने सांगणाऱ्याची नापसंतीही कळते. तक्रारीत तथ्य नाही, असा निवाडा त्या शब्दातच दडलेला असतो. म्हणून आपल्या अर्जात स्वतःच्या तक्रारीसाठी हा शब्द कदापि वापरू नये. ‘बिमोन’ हे त्याचे भारदस्त भावंड आहे. एखाद्या गोष्टीबद्दल खेद किंवा हळहळ व्यक्त करणे, असा त्याचा अर्थ असून तो ग्रांथिक लेखनात चालतो.

हा दडलेला निवाडा किती बोचरा ठरतो, याचे एक उदाहरण पाहा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या अनेक नळ्यांच्या अग्निबाणफेकी तोफेला दोस्त सैनिक ‘मोनिंग मिनी’ म्हणत. तिच्या बाणांचा आवाजच तसा होता. ब्रिटनमध्ये सतत रडगाणे गाणाऱ्या माणसालाही हेच नाव देतात. १९८५ साली पंतप्रधान मार्गारेट थॅचर टाइनसाइड या जहाजबांधणीच्या भागात गेल्या होत्या. तेथे बेकारी फार होती. त्याविषयी प्रश्न विचारणाऱ्या पत्रकारांशी बोलताना त्यांनी हेच शब्द वापरले आणि ते लोकांना झोंबले. काम गेलेल्या माणसांचे गाऱ्हाणे एका शब्दाने कुरकुर ठरले होते.

दुसरे उदाहरण आपल्या मुलांच्या ओळखीचे आहे. हॅरी पॉटरच्या कथांत ‘मोनिंग मर्टल’ नावाचे एका मुलीचे भूत आहे. शाळेच्या स्वच्छतागृहात ते सतत रडत असते आणि त्याच्या रडण्याला सारे कंटाळलेले असतात. पण ही मुलगी तेथे का रडत होती? चष्म्यावरून तिला चिडवले होते, म्हणून ती दार लावून आत रडत बसली होती आणि तेथेच तिला मृत्यू आला. ती शाळाही निवासी शाळाच आहे. चिडवणे दुसऱ्यांनी केले; नाव मात्र तिलाच पडले.

मराठीने या तीन गोष्टींसाठी तीन वेगळे शब्द राखले आहेत, हे आपले भाग्य होय. कण्हणे हा देहाचा स्वर आहे. त्याला उपचार हवा. गाऱ्हाणे कोणापुढे तरी मांडले जाते; त्याला ऐकणारा आणि न्याय देणारा हवा. कुरकुर कोणाला उद्देशून नसते. तिला बहुधा थोडा धीर पुरतो. कण्हण्याला शब्द मिळाले की त्याचे गाऱ्हाणे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेल्या पाक्षिकाचे नाव ‘मूकनायक’ होते. ज्यांची व्यथा शब्दावाचून राहिली होती, त्यांना शब्द देण्याचा संकल्प त्या नावातच होता.

वसतिगृहात रात्री दिवे मालवल्यावर एखाद्या खाटेवरून बारीक आवाज येतो. नव्याने आलेल्या मुलाचे पोट दुखत असते, घरची आठवण येत असते, किंवा त्याला कोणी त्रास दिलेला असतो. त्या आवाजाला कोणते नाव द्यायचे, हे ऐकणाऱ्याने ठरवायचे असते. कुरकुर म्हणून कूस बदलणे सोपे असते. उठून त्याच्याजवळ जावे, काय झाले ते विचारावे आणि त्याचे सारे बोलणे संपेपर्यंत ऐकावे, एवढीच आमची माजी विद्यार्थ्यांना, पालकांना आणि स्वतःलाही विनंती आहे.