व्याख्यानानंतरची पंधरा मिनिटे

बँकेतील किंवा सरकारी कचेरीतील मनुष्याच्या निवृत्तीला तारीख असते. त्या दिवशी हार घातला जातो, चार गौरवाचे शब्द बोलले जातात आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या खुर्चीवर दुसरा बसतो. व्यापारी घराण्यात असे घडत नाही. पेढीवरून वडीलधारी मंडळी एकदम उठत नाहीत. त्यांचे उठणे वर्षानुवर्षे चालू असते. आधी उधारीची वसुली मुलाकडे जाते, मग धनादेशावरील सही, मग तिजोरीच्या चाव्या. गादीवरची जागा कायम राहते, चहाही वेळेवर येतो. मात्र एके दिवशी ध्यानात येते की, आज मालाचा भाव ठरला आणि आपल्याला कोणी विचारले नाही.

मिळकत कमी होण्यापेक्षा हे विचारणे थांबणे अधिक जिव्हारी लागते. निवृत्तांच्या अभ्यासमंडळांत पाहुण्या वक्त्यांची जी व्याख्याने होतात, त्यांच्याकडे या बाजूने पाहिले पाहिजे. वेळ बरा जावा एवढाच हेतू असेल तर घरातला दूरदर्शन संच पुरेसा आहे. मंडळात येणाऱ्या ज्येष्ठाला काही ऐकायचे असते, तसेच काही विचारायचे आणि सांगायचेही असते.

चिंचपोकळी, लालबाग, परळ या परिसराला व्याख्यानांची ओळख जुनी आहे. मुंबईत 1848 साली एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेतील अध्यापक व विद्यार्थी यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. तिच्या आश्रयाने त्याच वर्षी मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक मंडळ्या सुरू झाल्या. शास्त्र, इतिहास, आरोग्य, समाजसुधारणा या विषयांवर देशी भाषांतून निबंध वाचावेत व भाषणे करावीत, हा त्यांचा उपक्रम होता. दादाभाई नौरोजी आणि डॉ. भाऊ दाजी लाड ही या चळवळीतील मोठी नावे. चिंचपोकळीच्या शेजारी, भायखळ्याच्या राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयाला आज भाऊ दाजींचेच नाव आहे. पुढे 1875 साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. 1911 साली ना. म. जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि गिरणगावातील कामगारांसाठी वाचनालये, रात्रशाळा व व्याख्याने यांची सोय केली. दिवसभर मागावर उभा राहिलेला कामगारही संध्याकाळी काही ऐकण्यासाठी बसत असे.

जैन समाजापुरते बोलायचे तर मुंबई जैन युवक संघाच्या पर्युषण व्याख्यानमालेचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. 1930 च्या दशकात सुरू झालेल्या या मालेने जैनेतर विचारवंतांनाही व्यासपीठावर बोलावले. त्या काळी ही गोष्ट सर्वांना रुचणारी नव्हती. मालेचे अध्यक्षपद दीर्घकाळ पंडित सुखलालजी यांच्याकडे होते. वयाच्या सोळाव्या वर्षी देवीच्या रोगाने त्यांची दृष्टी गेली. त्यानंतरचे त्यांचे सारे अध्ययन कानांनी झाले. काशीला जाऊन त्यांनी संस्कृत, न्याय आणि दर्शनशास्त्र आत्मसात केले; पुढे बनारस हिंदू विश्वविद्यालयात अध्यापन केले आणि 1958 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवला. मोतीबिंदूमुळे वाचन सुटले म्हणून शिकणेच सुटले, असे मानणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठाने हे चरित्र जाणून घ्यावे. दुसऱ्याने वाचून दाखवावे, आपण ऐकावे, शंका काढावी, पुन्हा ऐकावे, हीदेखील विद्येची एक रीतसर वाट आहे.

ती वाट जैन परंपरेला अपरिचित नाही. स्वाध्यायाचे पाच प्रकार शास्त्रात सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, परिवर्तना, अनुप्रेक्षा आणि धर्मकथा. म्हणजे पाठ घेणे, शंका विचारणे, उजळणी करणे, मनाशी चिंतन करणे आणि इतरांना सांगणे. या क्रमात विचारणे दुसऱ्याच पायरीवर आहे आणि दुसऱ्याला समजावून सांगणे अखेरच्या पायरीवर. आजच्या बहुतेक कार्यक्रमांचा साचा याच्याशी ताडून पाहावा. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा लांबलचक परिचय, शाल व श्रीफळ, मग तासाभराचे भाषण. भाषण लांबते, सूत्रसंचालक घड्याळाकडे पाहतो, आभार मानले जातात आणि मंडळी अल्पोपाहाराकडे वळतात. पृच्छनेच्या वाट्याला काहीच उरत नाही.

यात नुकसान कसे होते ते एका विषयावरून स्पष्ट होईल. ठेवींच्या नामनिर्देशनावर व्याख्यान ठेवले आहे असे समजू. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक ठेवीसाठी चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात, हे वक्ता सांगतो. दहा वर्षे दावा न झालेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होते; तरी खातेदाराचा किंवा वारसांचा हक्क बुडत नाही, हेही तो सांगतो. माहिती उपयुक्त आहे. परंतु समोर बसलेल्या आजोबांची अडचण निराळीच असते. तीन मुलांपैकी एकच दुकान सांभाळतो, नॉमिनी म्हणून त्याचेच नाव घातलेले आहे. मग बाकी दोघांचे काय? हा प्रश्न विचारला गेला, तरच पुढचे महत्त्वाचे उत्तर मिळते: नॉमिनी हा रक्कम स्वीकारणारा असतो, मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते, म्हणून मृत्युपत्र वेळीच करावे. प्रश्न मनातच राहिला तर तेच आजोबा, सर्व व्यवस्था झाली, अशा समजुतीने घरी जातात आणि भावाभावांतील तंट्याचे बीज तसेच राहते.

राहत्या जागेचेही तसेच आहे. 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्यातील कलम 23 प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट पाळली न गेल्यास, परत मिळवण्यासाठी न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. ‘बक्षीसपत्रात ती अट लिहावी काय?’ हा प्रश्न स्वतःच्या मुलासमोर काढणे जड जाते. समवयस्कांच्या सभेत तो निघू शकतो. लिहावी, असे तेथे स्पष्ट उत्तर मिळाले, तर एखाद्या घराचे छप्पर वाचते.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. भाषण चाळीस मिनिटांत आटोपावे आणि निदान पंधरा मिनिटे प्रश्नांसाठी राखावीत. उभे राहून बोलण्याचा संकोच असणाऱ्यांसाठी चिठ्ठ्या फिरवाव्यात, त्यांवर नाव नसावे. भगिनींकडून चिठ्ठ्या आवर्जून घ्याव्यात. घराचा हिशेब आयुष्यभर चालवूनही सभेत सर्वांत कमी त्याच बोलतात. सभागृह शक्यतो तळमजल्यावर असावे आणि ध्वनिक्षेपक आधी तपासलेला असावा. चौविहार पाळणाऱ्यांना सूर्यास्तापूर्वी घरी पोचायचे असते. हिवाळ्यात मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तेव्हा सभा दुपारी चारच्या आत सुरू झालेली बरी.

पाचवी पायरी सांगण्याची. फ्रान्समधील तुलूझ येथे 1973 साली प्राध्यापक पिएर व्हेला यांनी निवृत्तांसाठी ‘तिसऱ्या वयाचे विद्यापीठ’ सुरू केले. तेथे विद्यापीठातील प्राध्यापक ज्येष्ठांना शिकवीत. 1980 च्या दशकारंभी ही कल्पना इंग्लंडमध्ये गेली, तेव्हा केंब्रिजचे इतिहासकार पीटर लॅस्लेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला निराळे वळण दिले. पगारी शिक्षक नाहीत, परीक्षा नाही, पदवी नाही. जो शिकेल त्याने शिकवावे आणि जो शिकवील त्याने शिकावे. ज्येष्ठ हा नुसता श्रोता नाही, तो ज्ञानाचा साठा आहे, हे त्यामागचे सूत्र.

चिंचपोकळी-लालबागच्या ज्येष्ठांपाशी हा साठा थोडाथोडका नाही. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संपाचा इतिहास कामगारांच्या आणि गिरणी मालकांच्या बाजूने बराच लिहिला गेला. परंतु पगाराच्या दिवशी उधारी चुकती करणारी गिऱ्हाइके महिनोन्‌महिने रिकाम्या हाताने येऊ लागली, तेव्हा किराणा दुकानाच्या फळीपलीकडे काय घडले? कोणाचे खाते चालू ठेवले, कोणाचे बंद केले, कोणती बाकी कायमची सोडून दिली? हे ज्यांनी अनुभवले, ते आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. हातात घेऊन धान्याची प्रत ओळखणे, मिरचीच्या जाती पारखणे, कीर्द-खतावणी लिहिणे, शब्दावर चालणारा व्यवहार सांभाळणे, हे त्यांच्याजवळचे ज्ञान त्यांच्याबरोबरच संपण्याचा धोका आहे.

म्हणून महिन्याचे कार्यक्रम आखताना मंडळांनी एक साधा नियम करावा. तीन आठवडे बाहेरचा वक्ता असावा आणि चौथ्या आठवड्याला सभासदांपैकीच एकाने बोलावे. तेव्हा घरातील तरुणांनाही आग्रहाने बोलवावे. पेढी आता ज्यांच्या हाती आहे, ते मुलगे, सुना व नातवंडे त्या दिवशी मागच्या रांगेत बसतील. भाषण संपल्यावर त्यांच्यापैकी कोणी तरी हात वर करील आणि भाव ठरवताना पूर्वी काय पाहिले जाई, हे आजोबांना विचारील.