मोदक किती करायचे?

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात कॅनडातल्या मराठी मंडळाच्या कार्यकर्त्यांची झोप उडवणारा प्रश्न एकच असतो: नक्की येणार किती जण? शाळेचा हॉल तासावर घेतलेला, आसनसंख्या ठरलेली, केटररला आकडा चार दिवस आधी हवा. आणि आपली मंडळी शनिवारी सकाळी ठरवणार!

ओंटारियोतल्या आमच्या मंडळात तीन वर्षांपूर्वी मोदक संपले, तेव्हा रांगेत पन्नासेक माणसं उभी होती. त्यात नुकतेच पुण्याहून आलेले एक आजोबाही होते. ‘राहू दे रे, गोड मला चालत नाहीच,’ असं म्हणून ते बाजूला झाले. ते अजून टोचतं.

चूक कुणा एकाची नव्हती. फॉर्मवर आम्ही ‘कुटुंब: १’ एवढंच विचारत होतो. आता सुपर व्हिसावर आईवडील एका खेपेला ५ वर्षांपर्यंत राहू शकतात, म्हणजे कुटुंब दोघांचं की सहांचं, कसं कळणार? पैसे इंटरॅक ई-ट्रान्सफरने यायचे, तेही बायकोच्या खात्यातून, आणि सभासद म्हणून नाव नवऱ्याचं. खजिनदार बिचारा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत नावं जुळवत बसायचा. बाकीची नोंदणी व्हॉट्सॲपवरच्या अंगठ्यांवर.

मग महागडं सॉफ्टवेअर न घेता फॉर्मच बदलला. माणसागणिक नोंद: मोठे, पाच वर्षांखालची मुलं, ज्येष्ठ, पाहुणे. शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला, व्हीलचेअर लागेल का, हेही तिथेच. फॉर्म भरला की एक क्रमांक मिळतो, तो ई-ट्रान्सफरच्या संदेशात लिहायचा. खात्याला ऑटोडिपॉझिट लावल्यामुळे ‘सिक्युरिटी प्रश्नाचं उत्तर काय हो?’ असे फोनही थांबले. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला वार्षिक वर्गणी न भरताही एकट्याचं तिकीट काढता येतं. पूर्वी तो ‘कौटुंबिक सभासदत्व’ वाचूनच परत फिरायचा.

एक गोष्ट मात्र उशिरा सुचली. मुलांची नावं, फोन नंबर असलेली यादी सगळ्या समितीच्या ईमेलमध्ये फिरत होती. आता ती दोघांकडेच असते आणि कार्यक्रमानंतर पुसली जाते. शिवाय जुन्या सभासदांना तिकिटांच्या ईमेल कायम पाठवत राहता येत नाहीत: १ जुलै २०१४ पासून लागू असलेल्या स्पॅमविरोधी कायद्यानुसार सभासदत्व संपल्यावर दोनच वर्षं संमती गृहीत धरता येते, आणि ‘नको’ म्हणायची सोय प्रत्येक ईमेलमध्ये द्यावी लागते.

ज्यांना फॉर्म जमत नाही त्यांच्यासाठी एक फोन नंबर ठेवला आहे. फोन घेणारी मुलगी त्यांच्या वतीने फॉर्म भरते. गेल्या वर्षी नोंदणी बंद झाल्यावर रात्री अकराला एका काकूंचा फोन आला, ‘अगं, आम्ही पाचजण येतोय, लिहून घे ना!’

प्रतीक्षायादीत लिहून घेतलं. दोघांनी रद्द केलं होतं, तीन मोदक कमी पडत होते. ते काकूंनी स्वतःच घरून करून आणले, एकवीस.