आधी महिना, मग ठिकाण

उन्हाळी सहलीचं ठिकाण आपण बहुतेक वेळा नावावरून ठरवतो. महाबळेश्वर लहानपणापासून ऐकलेलं असतं, स्वित्झर्लंड सिनेमात पाहिलेलं असतं आणि शेजारचे गेल्या वर्षी बालीला जाऊन आलेले असतात. तारखा मात्र शाळेने आधीच ठरवून दिलेल्या असतात. मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी, विदर्भात उन्हामुळे आणखी थोडी पुढे. म्हणजे महिना पक्का आणि ठिकाण मोकळं. तरीही आपण उलट्या टोकाने सुरुवात करतो. मग कुणी मेमध्ये कासच्या पठारावर फुलं शोधतं, तर कुणी टोकियोत चेरीचा बहर. कासची फुलं सप्टेंबरची आणि टोकियोतला बहर मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीचा. ठिकाण बरोबर, महिना चुकीचा.

हा क्रम बदलला तर काय होतं, ते जवळच्या आणि लांबच्या अशा दोन्ही सहलींसाठी तपासून पाहू.

उंचीचं गणित

मेमध्ये गारवा हवा असेल तर उंचीवर जायचं, हे इंग्रजांनी ओळखलं होतं. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानच्या डोंगरावर चढले तो महिनाही मेच होता, साल १८५०. दर हजार मीटर वर गेलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, एवढं एक सूत्र लक्षात ठेवलं की थंड हवेच्या ठिकाणांचं अर्धं गूढ उकलतं.

माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे. नेरळहून वर गेलेल्या मुंबईकराला सूत्रानुसार पाचेक अंशांचा फरक पडतो. पुणेकराचा हिशेब वेगळा. पुणंच मुळात साडेपाचशे मीटरवर वसलेलं, त्यामुळे माथेरान त्याच्यासाठी जेमतेम अडीचशे मीटर उंच, म्हणजे लाभ दीड अंशाचा. त्याने तिथे जावं ते झाडांच्या सावलीसाठी आणि शांततेसाठी. दस्तुरीच्या पुढे खासगी मोटारींना बंदी आहे, हे माथेरानचं खरं वैभव. १९०७ मध्ये सुरू झालेली, पीरभॉय कुटुंबाने बांधलेली मिनी ट्रेन दोन फुटी रुळांवरून सुमारे वीस किलोमीटरचा घाट चढते. मुलांना घेऊन जाणाऱ्याने शक्यतो तिच्या वेळेनुसार आपला दिवस आखावा. पावसाळ्यात नेरळपासूनची फेरी बंद असते, म्हणून हा मेचा ऐवज.

महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. मेमधल्या दुपारी तिथेही पारा तिशीच्या घरात असतो. मुंबईचा तेहतीस-चौतीस असतो, त्यामुळे दुपारचा फरक सूत्रापेक्षा थोडा दिसतो. खरा फरक रात्रीचा आणि दमटपणाचा. मुंबईत रात्रीही पारा सत्तावीसच्या खाली सहसा उतरत नाही, महाबळेश्वरात तो विशीपर्यंत येतो. म्हणून तिथे दिवसभर पॉइंट पाहत फिरण्यापेक्षा मुक्काम करावा, पहाटे आणि संध्याकाळी भटकावं. शनिवार-रविवारी पसरणी घाटात गाड्यांची रांग लागते तेव्हा हा सगळा गारवा गाडीतच संपतो. सुट्टी महिनाभराची असताना सोमवार ते गुरुवार का निवडत नाही, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारावा.

विदर्भासाठी चिखलदरा, खानदेशासाठी तोरणमाळ. दोन्ही अकराशे मीटरच्या आसपास. अमरावतीपेक्षा चिखलदरा सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे, म्हणजे खाली ४४ अंश असतील तर वर ३९. दुपार तिथेही ऊनच दाखवते, पण रात्र सुखाची जाते.

फक्त मेमध्येच

काही गोष्टी मात्र मे महिन्याच्याच आहेत. त्या इतर महिन्यांत कितीही पैसे मोजले तरी मिळत नाहीत.

पहिली गोष्ट काजवे. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या आणि पुरुषवाडीच्या परिसरात मेअखेरपासून मोठा पाऊस सुरू होईपर्यंत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडंच्या झाडं उजळतात. काजव्याच्या पोटाशी ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होतो आणि उष्णता जवळजवळ न होता प्रकाश बाहेर पडतो. ही लुकलुक म्हणजे नर-मादीची एकमेकांना खूण. आपल्या गाडीचे दिवे आणि मोबाइलचे टॉर्च या खुणेतच अडथळा आणतात, आणि जोडीदार न सापडलेल्या काजव्याची पुढची पिढीही घटते. झाडाजवळ न जाणं, दिवे विझवणं आणि फोटोचा मोह सोडणं, या तीन अटी मान्य नसतील तर काजवे पाहायला जाऊच नये.

दुसरी गोष्ट ताडोबा. पारा ४५ अंशांवर गेलेला असताना चंद्रपूर जिल्ह्यात जायचं, हे ऐकायला वेडेपणाचं वाटतं. पण पानगळीच्या जंगलात या दिवसांत पानं झडलेली असतात, त्यामुळे दूरवर दिसतं. ओढे आटलेले असतात, त्यामुळे मोजक्या पाणवठ्यांवर वाघासह सगळ्यांनाच यावं लागतं. थंडीत जंगल सुंदर दिसतं, उन्हाळ्यात प्राणी दिसतात. मोहर्ली, कोलारा यांसारख्या प्रवेशद्वारांची आरक्षणं महिनोन्महिने आधी भरतात, मंगळवारी प्रकल्प बंद असतो आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्र पर्यटकांसाठी बंद होतं. जूनच्या अखेरीपर्यंतची ही संधी आहे.

तिसरी गोष्ट कोकण. आंबा, फणस, करवंदं, जांभळं आणि रातांबे एकाच महिन्यात हाताशी येतात, यासाठी घामाच्या धारा सोसायची तयारी हवी. पाण्यातले खेळ मनात असतील तर तारखेकडे लक्ष ठेवा. मेच्या शेवटच्या आठवड्यात समुद्र खवळू लागतो आणि तारकर्ली-मालवणच्या जलक्रीडा ऑगस्टअखेरपर्यंत थांबतात. वेळासला कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना पाहायची असतील, तर तो मार्च-एप्रिलचा सोहळा. मेमध्ये पोहोचणाऱ्याला फक्त किनारा मिळतो.

एकच मोसमी वारा, दोन किनारे

परदेशाचं गणितही हवेवरच चालतं. आपल्याकडे पाऊस आणणारे नैऋत्य मोसमी वारे इतर देशांतूनही जातात. केरळात ते सरासरी १ जूनला आणि मुंबईत ११ जूनला पोहोचतात. २०२५ मध्ये मुंबईत ते २६ मेलाच आले, तेव्हा थोडी मोकळीक ठेवूनच बेत आखावा.

श्रीलंकेत हे वारे मेपासून नैऋत्य बाजूला, म्हणजे कोलंबो-गॉलकडे पाऊस देतात. मधल्या डोंगरांमुळे त्रिंकोमालीचा पूर्व किनारा त्याच वेळी कोरडा आणि शांत असतो. थायलंडमध्ये अंदमान समुद्राकडच्या फुकेतला मेमध्ये पाऊस सुरू होतो, तर पलीकडच्या आखातातलं को समुई त्यातून बरंचसं सुटतं. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. तिथे मेमध्ये ऑस्ट्रेलियाकडून कोरडे वारे येऊ लागतात आणि चांगला मोसम सुरू होतो. शेजारी बालीला मेमध्ये गेले असतील तर त्यांचा निर्णय अचूक होता. दुबईची तिकिटं या दिवसांत स्वस्त दिसतात, कारण तिथे चाळिशी ओलांडलेली असते. जपानला जायचं तर २९ एप्रिल ते ५ मे हा गोल्डन वीक टाळावा. त्या आठवड्यात अख्खा जपान स्वतःच सहलीला निघालेला असतो.

युरोपला मात्र मे आणि आपली सुट्टी यांचं चांगलं जमतं. तिकडच्या शाळांची सुट्टी प्रामुख्याने जुलै-ऑगस्टमध्ये, त्यामुळे गर्दी तुलनेने कमी. पॅरिसला मेअखेर सूर्य रात्री साडेनऊच्या पुढे मावळतो, म्हणजे तेवढ्याच पैशात फिरायला दिवस मोठा मिळतो. आल्प्समध्ये बर्फ वितळत असतं, म्हणून लाउटरब्रुनेनच्या दरीतले धबधबे भरून वाहतात. पण फुर्का, ग्रिम्झेलसारखे उंच घाटरस्ते साधारण जूनपर्यंत बर्फाखालीच असतात, आणि नेदरलँड्समधली कॉयकेनहॉफची ट्यूलिपबाग मेच्या मध्याला बंद होते. मेअखेरच्या सहलीच्या पत्रकावर ट्यूलिपचं चित्र दिसलं, तर बागेच्या तारखा आधी विचारा.

कागदांचाही हंगाम असतो

युरोपातल्या बहुतेक देशांसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मेच्या सहलीसाठी जानेवारी-फेब्रुवारी उत्तम, कारण एप्रिलमध्ये भेटीची वेळ मिळणंच कठीण होतं. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी ४५. व्हिसा नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा बंधनकारक असतो. मुलांचे पासपोर्ट आधी पाहा. लहान मुलांना तो पाचच वर्षांसाठी मिळतो आणि आईवडिलांचा दहा वर्षांचा असल्याने मुलाची मुदत सरल्याचं लक्षात येत नाही. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा कर, घेतला जातो, तो आपल्या प्राप्तिकरातून वजा करून घेता येतो. पावती जपून ठेवा. भूतानला आपल्याला व्हिसा लागत नाही, पण आधार कार्ड चालत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं, आणि दर रात्रीमागे माणशी १,२०० रुपयांचं शाश्वत विकास शुल्क धरून ठेवावं.

या सगळ्यातून एक साधा नियम निघतो. लांबच्या प्रवासाला सलग दहा-बारा दिवस लागतात आणि ते मुख्यतः मेमध्येच मिळतात, म्हणून परदेशाची निवड मेला अनुकूल देशांतूनच करावी. जवळच्या ठिकाणांना दोन दिवस पुरतात, म्हणून त्यांच्याकडे त्यांच्या स्वतःच्या हंगामात जावं: कासला सप्टेंबरात, वेळासला मार्चमध्ये. मेमध्ये जवळच राहायचं ठरलं तर काजवे, पाणवठे आणि आंबा निवडा. यंदा सहलीची चर्चा निघाली की नकाशा उघडण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा.